मातीची तूट

सातेरी माझा थोरला भाऊ.
लोकांचा आमदार, पुढं खासदार.
मला तो आण्णाच,
रताळ्याच्या वरंब्यात वाकलेला,
चपलेच्या अंगठ्याला तार गुंडाळलेला.

बेंगळूरला गेला त्या साली
आम्ही शेत वाटलं नाही, काम वाटलं.
बोलायचं त्यानं,
वेल लावायचे मी.
शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचा,
रविवारी भांगलायचा,
सोमवारी नखातल्या मातीसकट सभागृहात.

विहीर आमची आणि बसलिंगप्पाची मिळून.
तीन दिवस पाणी त्याचं, चार आमचं.
दुपारी बांधावरून हाक यायची, ऊट आयतु?
आम्ही म्हणायचो, व्हय, झालं.
तो मराठीत कधी विचारला नाही,
आम्ही कन्नडात कधी सांगितलं नाही.
पोटाचं तेवढं कळायचं.

दोन वर्षं आण्णा मराठीतच बोलला.
गावानं दोनदा हार घातले, एकदा तर हलगी लावून.
खरं कामकाजाचं जाड पुस्तक आलं छापून,
ते मास्तरानं चिमणीजवळ धरून वाचलं.
आण्णाच्या नावापुढं प्रत्येक वेळी एकच ओळ,
सदस्य मराठीतून बोलले.
काय बोलले,
ते पानाच्या बाहेर, पावसात.

तिसऱ्या वर्षी रताळ्याचं मातेरं झालं.
अडत्या पोत्यामागं तीन किलो माती कापायचा.
धुवून न्यावं तर सडतंय,
न धुता न्यावं तर ही तांबडी माती
सालीला धरून बसते, सोडा म्हटलं तरी सोडत नाही.
आणि तूट घरच्या वजनात.

त्या दिवशी आण्णा उठला
आणि कन्नडात बोलला.
पुस्तकातलं नव्हे,
बसलिंगप्पाचं, विहिरीवरचं,
दंड फुटल्यावर ओरडायचं कन्नड,
शिव्या तेवढ्या गाळून.
पुस्तकात अडीच पानं आली.
तीन किलोचा एक किलो झाला.

गावानं दोन किलो पदरात घेतले
आणि बोलणं टाकलं.
त्यानंच बांधलेल्या बसथांब्यावर
रात्रीतून डांबर ओतलं कुणीतरी.
नाव दोन्ही लिप्यांत होतं.
डांबर दोन्हीवर सारखंच बसलं.

दिल्लीला त्याला पाठवलं
ते नदीपलीकडच्या गावांनी.
आमच्या बूथवर एक्केचाळीस मतं.
त्यात माझं नव्हतं.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
बायकोला नाही,
मसोबाला नारळ फोडतानासुद्धा नाही.

दिल्लीत पिशवी यंत्रात घातली तर
पडद्यावर सगळे काळे गोळे.
शिपाई दचकला, हे काय?
आण्णा म्हणाला, एकादशी.
तिथं त्यानं एकच प्रश्न विचारला,
रताळी ठेवायच्या थंड गोदामाचा.
उत्तर आलं,
माहिती गोळा करण्यात येत आहे.
सोळा महिन्यांत सभागृहच मोडलं.
माहिती अजून गोळा होतीया.

परत आला तेव्हा स्टेशनवर मी एकटाच.
विहिरीवर बसलिंगप्पा, दात गेलेले,
ऊट आयतु?
आण्णानं कन्नडात उत्तर दिलं.
मी गप्प.

आता चौऱ्याहत्तर झालं त्याला.
गुडघा दुमडत नाही, तरी वरंब्याशी पाय पसरून बसतो,
मला वेलाचे तुकडे काढून देतो.
परवा मध्येच, वर न बघता म्हणाला,
भैरू, त्या साली आपल्या बूथवर
मी बेचाळीस धरली होती.

माझ्या हातात ओला वेल.
वर घार. लांब कुठंतरी ट्रॅक्टर.
बराच वेळ तेवढंच.

मग म्हणाला,
तो वेल उलटा लावलायस बघ.

उपसून बघितला.
सरळच होता.
तरी मी तो परत लावला.